चौऱ्याण्णवावं मिनिट

नमस्कार मंडळी,

२२ फेब्रुवारी २०२३, बुधवार. इथे न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या वायकाटो स्टेडियमवर पोर्तुगाल आणि कॅमेरूनचा सामना होता. जिंकेल तो संघ महिला विश्वचषकाला, हरेल तो घरी. लेकीनं हट्ट धरला म्हणून मी गेले. पोर्तुगालची एकही खेळाडू मला नावानं ठाऊक नव्हती. घरी परतले ती कारोल कोश्ता हे नाव घेऊनच.

ही पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराची मुलगी, जन्म १९९०चा. सेंटर बॅक, म्हणजे मधली बचावपटू. ती मोठी होत होती तेव्हा पोर्तुगालमध्ये फुटबॉलवर बाईचं पोट भरेल अशी सोय नव्हती. म्हणून ती जर्मनीत गेली, ड्युसबुर्गला, क्लोपेनबुर्गला खेळली. परक्या मुलखात पहिला हिवाळा कसा काढतात, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको! पुढे मायदेशी मोठ्या क्लबांनी महिलांचे संघ उभे केले, तशी ती परतली. आधी स्पोर्टिंग, मग २०२०मध्ये बेन्फिका.

२०२२च्या युरोत, म्हणजे महिलांच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत, तिनं नेदरलँड्सविरुद्ध पेनल्टीवर गोल केला आणि चारच दिवसांनी स्वीडनविरुद्ध तिच्याकडून स्वयंगोल झाला. तो सामना पोर्तुगालनं ०-५ असा गमावला. मला तिचं मोठेपण इथे दिसतं, की त्यानंतरही पेनल्टी घ्यायला तीच पुढे येत राहिली. त्याच ऑक्टोबरात आइसलँडविरुद्ध तिनं पेनल्टी मारली, संघ ४-१ जिंकला, आणि तरीही विश्वचषकाचा थेट प्रवेश हुकला. म्हणून तर त्यांना पार पृथ्वीच्या या टोकाला यावं लागलं.

त्या बुधवारी दियाना गोमेशनं (तीही बचावपटूच!) पोर्तुगालला पुढे नेलं होतं. ८९व्या मिनिटाला कॅमेरूननं बरोबरी केली आणि माझ्या लेकीचा चेहरा पडला. मग ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत पंचांनी व्हिडिओ पाहून पेनल्टी दिली. कारोलनं चेंडू ठेवला. लेकीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. ९४वं मिनिट, गोल, २-१! पोर्तुगालच्या महिला पहिल्यांदाच विश्वचषकाला पोहोचल्या. कारोल तेव्हा ३२ वर्षांची होती.

त्याच वर्षी विश्वचषकात, ऑगस्टच्या १ तारखेला, ऑकलंडच्या ईडन पार्कवर याच संघानं जगज्जेत्या अमेरिकेला गोल करू दिला नाही. ०-० असताना, अगदी अखेरीस आना कापेताचा फटका खांबाला लागून परतला. दोन बोटं आत गेला असता तर अमेरिका बाहेर होती! मला ती चुटपूट अजून आहे.

आपल्या मंडळाच्या मुली शनिवारी सकाळी सरावाला जमतात. पुढे खेळायला सगळ्याच तयार असतात, पण बचावाला दोघी कमी पडताहेत. आयांनो, बाबांनो, या शनिवारी पाठवा.