चौक काढत नाहीत, लिहितात

आजच्या बोलण्याचा विषय "चित्रकला आणि जादू" असा ठरला तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं, म्हणाले सर आता लिंबू-मिरच्या पण बांधायला लागले का! तर नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो असायलाच हवा, "हे यंत्र भिंतीवर लावा, मूल होईल" असं सांगून पैसे उकळणाऱ्यांबद्दल मी बोलायला आलेलो नाहीये. मला बोलायचंय ते हाताने काढलेलं चित्र हेच जिथे मुळात विधीचं साधन असतं त्याबद्दल, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही, डहाणूची लोकल पकडा.

वारली लग्नातला चौक, म्हणजे घराच्या भिंतीवरचं विधीचं चौकोनी चित्र, तुम्ही फोटोत तरी बघितला असेल. मधे पालघट, म्हणजे वारल्यांची सुफलतेची देवी, चारी बाजूंनी नक्षीची चौकट, आजूबाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी, आणि शेजारी एक छोटा चौक त्यात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव, पंचशिऱ्या. भिंत कुडाची, शेणामातीने सारवलेली, वर गेरू. रंग म्हणाल तर तांदळाचं पीठ आणि पाणी, बास. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक चावून चावून मऊ केलेली. हे सगळं करायचं सवाशिणींनी, पुरुषांचं काम नाही ते. आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, ती गाणी म्हणत देवांना बोलावते, भगताच्या अंगात येतं, आणि या चौकाशिवाय लग्न लागतच नाही. म्हणजे आपल्याकडे स्टेजमागे फुलांचं डेकोरेशन असतं तसं हे नाहीये, डेकोरेशन नसलं तरी आपलं लग्न लागतं.

आता गंमत बघा. वारली बायका चौक "काढतात" असं म्हणत नाहीत, चौक "लिहितात". तिकडे बिहारमधे मिथिलेत नवरा-नवरीच्या खोलीत भिंतीवर कोहबर नावाचं लग्नाचं चित्र रंगवतात, त्याही बायका लिहिणंच म्हणतात. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो, कारण लिहिलेलं कोणीतरी वाचणार असतं ना, आणि इथे वाचणारे तुम्ही-मी नाही, पालघट आहे. (हे माझं मत, कुणी वारली आजीने मला असं सांगितलेलं नाही.)

हेच एका अगदी वेगळ्या माणसाने एकट्याने करून बघितलं. लंडनचा चित्रकार ऑस्टिन स्पेअर, जन्म १८८६, ड्रॉइंग जबरदस्त, आणि आयुष्याचा मोठा काळ गरिबीत. त्याची पद्धत अशी की मनातली इच्छा एका वाक्यात लिहायची, त्यातली परत परत आलेली अक्षरं खोडायची, उरलेली एकमेकांत गुंतवून एक खूण तयार करायची, त्या खुणेवर मन पूर्ण एकवटायचं आणि मग मूळ इच्छा चक्क विसरून जायची. विसरणं हाच त्यातला अवघड भाग, करून बघा हवं तर, फ्लॅटचं लोन पास व्हावं अशी खूण काढून लोन विसरून दाखवा मला! पण फरक लक्षात घ्या, स्पेअरकडे ना गाव, ना गाणं, ना देवी, सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. चौकात तो भार वाटला जातो, एक जण गातेय, चार जणी लिहितायत, कोणी पीठ कालवतंय.

चौकाचं नंतर काय झालं ते माहितीये. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या वारली पाड्यांवर कागद घेऊन पोचले, हेच कुलकर्णी आधी १९६६ च्या दुष्काळात मिथिलेत पण गेले होते. गंजाडचे जिव्या सोमा मशे, पुरुष असून, लग्न-बिग्न काही नसताना रोज चित्रं काढायला लागले. मासे पकडायची जाळी, मुंग्या, तारपा नाच (तारपा म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य), आणि एकेक रेष अशी की थरथरतेय असं वाटतं. १९८९ मधे पॅरिसला मोठं प्रदर्शन झालं, नाव काय तर "पृथ्वीवरचे जादूगार", त्यात ते होते. २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले. मला मशे प्रचंड आवडतात पण प्रदर्शनाचं ते नाव जरा खटकतं, कारण कागदावरचं चित्र हे चित्रच आहे, ते विधीतून सुटलं म्हणूनच तर त्यात मुंग्या आल्या ना.

विधीचं चित्र बाहेर विकायचं कसं, ही भानगड अमेरिकेतल्या नवाहो या आदिवासी लोकांनी फार हुशारीने सोडवली. त्यांच्यात आजारी माणसासाठी जमिनीवर रंगीत वाळूचं चित्र करतात, रोगी त्यावर बसतो, मंत्र गाऊन होतात आणि ते पुसून टाकतात, ठेवायचं नाही. मग विकायला बोर्डावर पक्की चिकटवलेली वाळूचित्रं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्यात मुद्दाम बदल केले, एखादा रंग उलटा, एखादी आकृती गाळलेली, म्हणजे चित्र दिसतं तेच पण विधीसाठी चालू नाही.

आपल्याकडे मात्र मधे एक बाई मला म्हणाल्या, सर हॉलसाठी पालघट करून द्या, पॉझिटिव्ह एनर्जी येते म्हणे, आणि सोफ्याला मॅच होईल असं बॅकग्राउंड ठेवा. काय बोलणार! मी तारपा नाच करून दिला, सोफ्याला मॅच झाला.

असो. मागच्या टेबलावर पीठ आहे, काड्या आहेत, गेरू फासलेले पुठ्ठे आहेत. काडी स्वतःच चावायची, दुसऱ्याची घेऊ नका, आणि पीठ फार पातळ करू नका, ओलं असताना काहीच दिसत नाही, वाळल्यावर पांढरं उमटतं, तेव्हा घाबरून दोनदा गिरवू नका. माणसं काढा, झाडं काढा, कोंबड्या काढा. पालघट तेवढी नको, आज इथे कुणाचं लग्न नाहीये.