शेक फुफ्फुसाला, झळ रक्ताला

मंडळी, आज गुहागरात बोलतोय, म्हणून रेडिओथेरपी, म्हणजे किरणांनी कॅन्सर मारणं, हा शब्द बाजूला ठेवतो. आपल्याकडे त्याला शेक म्हणतात. "बाबांना तीस शेक सांगितलेत" हे वाक्य मी रोज ऐकतो. फुफ्फुसाचा कॅन्सर ऑपरेशनपलीकडे गेला, पण छातीतच असला, तर सहसा रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं माप) असे ३० शेक, एकूण ६० ग्रे, सहा आठवड्यांत देतात. बरोबर केमो असते.

दाभोळकडचे एक तांडेल काका बावीस शेक झाल्यावर रिपोर्ट घेऊन आले. शर्टाच्या खिशात ठेवून कागद घामाने मऊ पडला होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं : लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), १२ टक्के. "डॉक्टर, शेक छातीला देताय ना? मग रक्त कशाला उतरलं?"

इतका नेमका प्रश्न मला शिकाऊ डॉक्टरांनीही क्वचित विचारलाय. मी म्हटलं, "काका, धोपाव्याच्या फेरीबोटीवरून खाडीत एकाच जागी बॅटरी मारली, तर उजेड तेवढ्याच पाण्यावर पडतो का? भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्याखालून जातं." हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, आणि ते सगळं फुफ्फुसातून फिरून येतं. मशीन काही मिनिटं चालतं. तेवढ्यात किती रक्त किरणांखालून गेलं, तुम्हीच हिशोब करा. प्रत्येक फेरीत मात्रा थोडीच असते, पण लिम्फोसाइट फार नाजूक. इतर बहुतेक पेशी किरण लागल्यावर विभागायला जातात तेव्हा मरतात. ही पेशी विभागणीची वाटही बघत नाही, काही तासांत स्वतःच मरते. १-२ ग्रेसुद्धा तिला भारी पडतात. त्यात पाठीच्या मणक्यांतला रक्त तयार करणारा मगज आणि छातीतल्या लसिकाग्रंथीही वाटेत येतात, आणि केमोचा मार वेगळाच.

काकांच्या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात एकूण ४,००० होत्या. त्याचे १२ टक्के म्हणजे ४८० लिम्फोसाइट. मोठ्या माणसात निदान १,००० हव्यात. नुसता टक्का वाचू नका, हा गुणाकार करा.

हा आकडा मला का खुपतो? कॅन्सरच्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी याच लिम्फोसाइटांतल्या. आणि गंमत बघा, तोच शेक गाठ फोडतो तेव्हा तिच्यातली प्रथिनं बाहेर सांडतात आणि टी-पेशींना शत्रूचा माग लागतो. म्हणजे एकाच किरणाने माग दाखवायचा आणि माग काढणारेही मारायचे! क्वचित असंही होतं, की शेक एका गाठीला दिला आणि दूरची, शेक न दिलेली गाठ आटली. आर. एच. मोल यांनी १९५३ साली याला 'ॲबस्कोपल' परिणाम असं नाव दिलं. त्याच्या भरवशावर मात्र कोणी राहू नये.

भरवसा ठेवण्यासारखं आहे ते वेगळंच. वर सांगितलेल्या, म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना केमो आणि शेक संपल्यावर ड्युर्व्हालुमॅब हे टी-पेशींना अडवून धरणारा ब्रेक सोडवणारं औषध वर्षभरापर्यंत दिलं. २०१७ साली 'पॅसिफिक' चाचणीचे निकाल आले : आजार न वाढता गेलेला मध्यम काळ १६.८ महिने, औषधाशिवाय ५.६. औषध महाग आहे, सगळ्यांना लागू पडत नाही. पण ब्रेक सोडवायला आधी पेशी तर हव्यात. म्हणून आम्ही शेकाचं क्षेत्र जमेल तितकं आवळतो, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या वाचवतो. गाठ लहान असेल तर तीन ते पाच मोठ्या शेकांतही काम होतं. फेऱ्या कमी, म्हणून रक्ताला झळही कमी.

काकांना वाटलं, आता शेक बंद. उरलेले आठ नकोत म्हणाले. मी हात जोडून सांगितलं, मध्ये सोडू नका. गाठीला उसंत मिळते. त्यांनी पुरे केले. या पेशी भरून यायला महिने लागतात, म्हणून काकूंनाही बजावलं : या पावसात लावणीच्या चिखलात काकांना उतरवू नका, लेप्टोचे दिवस आहेत. ताप आला तर काढा उकळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि शेक संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप सुरू झाली तर ती शेकाने आलेली फुफ्फुसाची सूजही असू शकते. गावातल्या डॉक्टरांना आधी सांगा, शेक झालाय.