कॉर्नवॉलची माणसं सुट्टीला कॉर्नवॉललाच का जातात?

मित्रहो, ब्रिटनचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. नैऋत्येला जमिनीचं एक निमुळतं टोक अटलांटिक महासागरात शिरलेलं दिसेल. ते कॉर्नवॉल. त्याची पूर्वेची सीमा म्हणजे टामार नदी. ती उत्तर किनाऱ्यापासून अवघ्या पाच-सहा किलोमीटरवर उगम पावते आणि थेट दक्षिणेच्या समुद्राला जाऊन मिळते. म्हणजे कॉर्नवॉल बेट व्हायचं थोडक्यात राहिलं. १८५९ मध्ये ब्रुनेल या अभियंत्याने सॉल्टॅश गावापाशी टामारवर रेल्वेचा पूल बांधला आणि लंडनच्या लोकांना हा किनारा जवळ आला. तेव्हापासून उन्हाळा आला की सगळा इंग्लंड इकडे लोटतो.

हे सर्वांना ठाऊक असतं. मला बोलायचंय ते तिथे राहणाऱ्या साधारण पावणेसहा लाख लोकांबद्दल. यांतले पुष्कळजण स्वतःची सुट्टीसुद्धा कॉर्नवॉलमध्येच घालवतात. घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर तंबू ठोकतात, नाहीतर कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावतात आणि आठवडाभर तिथेच राहतात. बाहेरच्याला याचं नवल वाटतं. समुद्र तर रोजचाच, मग सुट्टी कसली?

पण तो समुद्र त्यांच्या वाट्याला रोज येतो कुठे? जुलैच्या अखेरीस इंग्लंडच्या शाळा सुटल्या की हॉटेलचा आचारी, खोल्या झाडणारी बाई, बोटवाला, बेकरीवाला या सगळ्यांचे कामाचे दिवस सुरू होतात. अनेक घरांत पूर्वी उन्हाळाभर चांगल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या जात आणि घरचे मागच्या खोलीत दाटीवाटीने राहत. दोन डोंगरांपलीकडची पुळण वर्षानुवर्षं पाहायलाच मिळाली नाही, असं होतं ते यामुळे. सप्टेंबरात गर्दी ओसरते. समुद्राचं पाणी मात्र तेव्हा वर्षातलं सर्वांत कोमट असतं. कॉर्निश माणसाची सुट्टी तेव्हा सुरू होते, आणि मला तरी ती त्याची न्याय्य मिळकत वाटते.

दुसरं कारण भूगोलात आहे. उत्तरेच्या किनाऱ्यावर उघडा अटलांटिक कड्यांवर आदळतो. न्यूकीला सर्फिंग चालतं ते या लाटांवर. तिथून गाडीने तासाभरात दक्षिणेला फॉय किंवा हेलफर्डच्या खाडीवर या. ओकची झाडं पाण्यावर ओणवलेली, खाडीचं पाणी स्थिर, वाराही मंद. मध्ये बॉडमिनचा ओसाड माळ. आणि लिझर्ड द्वीपकल्पावर सर्पेंटाइन नावाचा हिरवट-तांबूस खडक, त्यावर उन्हाळ्याच्या शेवटी फुलणारं कॉर्निश हीथ. हे झुडूप ब्रिटनमध्ये मुख्यतः तिथेच उगवतं. रेडरूथसारख्या खाणींच्या गावात वाढलेल्या मुलाला हेलफर्ड म्हणजे परका मुलुखच वाटला, तर नवल नाही. किनाऱ्यालगतची पायवाट कॉर्नवॉलमध्येच सुमारे ४८० किलोमीटर आहे. चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी पहारेकरी या वाटेने गस्त घालत. आज तिथले लोक ती तुकड्यातुकड्यांनी, वर्षानुवर्षं चालत पुरी करतात.

सुट्टीच्या या रीतीला जुनी मुळंही आहेत. खाणींत राबणारी कुटुंबं मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची, त्याचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या उपदेशाने भारलेली. मुलांना रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेची वर्षातून एक सहल निघे, तिला ‘टी ट्रीट’ म्हणत. पुढे पितळी वाद्यांचा बँड, मागे मिरवणूक, आणि प्रत्येक मुलाच्या हातात केशर घातलेला मोठा बन. कॅम्बोर्न-रेडरूथची माणसं पोर्टरीथ आणि ग्विथियनच्या वाळूवर जात, ती जवळच असल्यामुळे. गुड फ्रायडेला हेलफर्डच्या खाडीत ओहोटीच्या चिखलात शिंपले वेचायला जाण्याची चालही अशीच. घरचे सगळे गुडघाभर चिखलात उतरतात, संध्याकाळी शिंपले शिजतात. त्या दिवशी तिथे जायला कुणाला जाहिरात लागत नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हे लोक जगभर पांगलेले आहेत. खाणकामगार आधीपासून बाहेर पडत होतेच, १८६६ मध्ये तांब्याचा धंदा कोसळला आणि त्यांचे तांडेच निघाले: दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मून्टाला, मेक्सिकोतल्या रिअल देल मोन्तेला, कॅलिफोर्नियाच्या ग्रास व्हॅलीला. १८४१ ते १९०१ या साठ वर्षांत अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकातही ती आली. कोलारच्या सोन्याच्या खाणी ज्या इंग्रज कंपनीने चालवल्या, तिने कॉर्नवॉलहून जाणकार माणसं आणली होती. ज्या घरात कुणी ना कुणी कायमचं समुद्रापार गेलं, त्या घराला दूर जाण्याचं आकर्षण वाटावं तरी कसं? त्यांच्या आठवणीत दूर जाणं म्हणजे ताटातूट. मागे उरलेल्यांनी आपली जमीन पायाखाली घालून बघावी, तिच्यावर निवांत बसावं, हे मला फार समजण्यासारखं वाटतं.

परदेशाची हौस फिटवायला सिली बेटं आहेतच. लँड्स एंड या कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकापासून सुमारे ४५ किलोमीटर, पेन्झन्सहून बोट. दर मे महिन्यात तिथे गिग नावाच्या सहा वल्ह्यांच्या लाकडी होड्यांची स्पर्धा भरते, १९९० पासून. गावोगावचे संघ आपापली होडी आणि पोरंबाळं घेऊन जातात. ती शर्यतही असते आणि सुट्टीही. शेजारच्या गावाशी चढाओढ करायला बेटापर्यंत जायचं, यात त्यांना काही विचित्र वाटत नाही. मला ते अतिशय आवडतं.

एक कडू गोष्ट मात्र सांगायलाच हवी. समुद्राकाठच्या घरांच्या किमती आता स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. दुसरं घर म्हणून ती बाहेरचे लोक घेतात आणि हिवाळ्यात गल्ल्या अंधारात असतात. सेंट आयव्हजच्या रहिवाशांनी २०१६ मध्ये सार्वमत घेऊन ठरवलं की नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांसाठीच बांधावीत. मतदान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक त्या बाजूने होते. तोवर बरीच कुटुंबं आतल्या, स्वस्त गावांत जाऊन राहिली होती. आजीचं घर ज्या बंदरावर होतं, तिथे आज नातवाला आठवडाभर राहायचं तर भाड्याने तंबूची जागा घ्यावी लागते. तो ती घेतो. मुलांना खाडीत पोहायला शिकवतो, कुठल्या खडकामागे भरतीचं पाणी अडकून डबकं होतं ते दाखवतो. त्यामुळे ‘कॉर्नवॉलची माणसं घरीच का सुट्टी घालवतात’ या प्रश्नात ‘घरी’ कुठे, हेही कुणीतरी विचारायला हवं. पुष्कळांना घराजवळ राहायला मिळतं, ते त्या आठवड्यापुरतंच.