नळापाशी आलेल्या साती आसरा

नमस्कार श्रोतेहो.

नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव माळव्यात आले. पुढे 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला हलली आणि मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार यांची बिऱ्हाडं आली. हे सगळं दप्तरांत आहे. पण त्या बिऱ्हाडांबरोबर आणखीही कोणी आलं, त्यांची नोंद कोणी केली नाही. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आमच्या वाड्यामागच्या पिंपळावर मुंजा होता. मुंज झालेला, पण सोडमुंजीच्या आत गेलेला पोर. शेजारच्या माळवी घरांना तो ठाऊक नव्हता. त्यांचे भेरूजी, म्हणजे भैरव, शेंदूर लेवून ओट्यावर उघडे बसलेले. आमचा मुंजा मात्र गुपचूप राहायचा. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना आजी हळूच म्हणायची, "बाळा, आम्ही घरचेच आहोत रे." बाजारात ती हिंदी बोलायची, त्याच्याशी मराठीच. "त्याला दुसरी भाषा कोण शिकवणार?" म्हणायची.

वेताळाला असं लपावं लागलं नसेल. कोकणात आरवलीला तो वेतोबा झाला. रात्रभर गावात फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. पण विक्रमाच्या गोष्टीतलं त्याचं उज्जैन इथून जेमतेम 55 किलोमीटर. त्याच्यासाठी माळवा म्हणजे जुनं गावच.

माझा जीव अडकला आहे तो साती आसरांत. विहिरीत, डोहात राहणाऱ्या या सात बहिणी; अप्सरा शब्दाचंच हे घरगुती रूप. आजीचं माहेर कऱ्हेकाठचं. लग्न होऊन आली तेव्हा तिनं वाड्यातल्या विहिरीकाठी सात खडे मांडून हळदकुंकू वाहिलं. बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर गेली की आधी त्यांची ओटी. कोणी याला अंधश्रद्धा म्हणेल. भीती घालून पैसे उकळणाऱ्यांना मीही तेच म्हणते. पण आजीनं आसरांच्या नावानं कुणाला लुबाडलं नाही. विहिरीत थुंकू मात्र दिलं नाही.

1978 मध्ये जलूदहून नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटर चढून इंदुरात आलं. पुढे आमच्याकडे नळ आला आणि शेंदण्याचे कष्ट सरले. विहिरीकडे कोणी फिरकेना. तिच्यात कचरा पडू लागला, शेवटी ती बुजवली. आजी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं ते खडे धुऊन आणले आणि नळाशेजारी, माठाच्या तिवईखाली ओळीनं मांडले.

आईनं विचारलं, "सासूबाई, आसरा नळाशी कशा राहतील हो?"

"आपण नाही का राहिलो? जागा मिळेल तिथं बिऱ्हाड मांडायचं. त्याही मांडतील."

आता वाडा नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, नळ एक दिवसाआड येतो. घर बदलताना एक खडा हरवला. त्याच्या जागी मी महेश्वरच्या घाटावरून, नर्मदेतून एक उचलून आणला. पहिली कळशी भरली की सातांनाही कुंकू लावते. विहिरीकाठचे सहा काळे आहेत, नर्मदेचा जरा तांबूस.