शेवट ठाऊक असलेलं नाट्य

श्रोतेहो, नमस्कार. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली आपल्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवलं, तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवट माहीत असला तरी नाट्य उणं होत नाही. ‘रेड ऑन एंटेबी’ हा टीव्हीसाठी काढलेला चित्रपटही असाच. अमेरिकेत तो ९ जानेवारी १९७७ ला दाखवला गेला. मूळ घटनेला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

२७ जून १९७६. तेल अवीवहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान अथेन्स सोडताच अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं, बेनगाझीमार्गे युगांडात एंटेबीला नेलं. तिथं इस्रायली प्रवासी वेगळे काढले, बाकीच्या बहुतेकांना सोडून दिलं. ३ जुलैच्या रात्री इस्रायली सैन्याची चार हर्क्युलिस मालवाहू विमानं कमांडोंना घेऊन सुमारे चार हजार किलोमीटर अंतर कापून उतरली आणि १०२ जणांची सुटका झाली.

गोळीबार कुठल्याही चित्रपटात असतो. मला इथं मोलाची वाटते ती त्याआधीची घालमेल. पीटर फिंच यांनी इस्रायलचे पंतप्रधान राबिन उभे केलेत. वाटाघाटी कराव्यात तर पुढच्या अपहरणाला वाट मोकळी, सैन्य पाठवावं तर ओलिसांच्याच जिवावर बेतायचं. हुकूम देणाऱ्या माणसाच्या मनावरचं ओझं फिंच यांच्या चेहऱ्यावर दिसतं. प्रक्षेपणानंतर पाचच दिवसांनी हा थोर नट गेला.

आणि कॅप्टन मिशेल बाकोस! या फ्रेंच वैमानिकाला सुटायची संधी होती. प्रवासी माझ्या जबाबदारीवर आहेत, म्हणून तो थांबला आणि त्याचे सगळे सहकारीही थांबले. हाती शस्त्र नसताना दाखवलेलं हे धैर्य मला त्या कमांडोंच्या पराक्रमाइतकंच मोठं वाटतं. आपल्याकडं त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची खंत वाटते.

विजयाच्या या कथेत मृत्यूही आहेत. सुटकेच्या धुमश्चक्रीत तीन ओलीस आणि तुकडीचे प्रमुख योनातन नेतन्याहू मारले गेले. ओलिसांपैकीच एक, वृद्ध डोरा ब्लॉख तेव्हा कंपालाच्या रुग्णालयात होत्या. मागं राहिल्या म्हणून युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीन याच्या माणसांनी त्यांना ठार केलं. हा चित्रपट लागला तेव्हा घरच्यांना त्यांचे अवशेषसुद्धा मिळालेले नव्हते. ते मिळाले १९७९ मध्ये, अमीनची सत्ता गेल्यावर.