डीव्हीच्या केसेस मोजायच्या कशा?

नमस्कार मंडळी. आज मी बोलणारे घरगुती हिंसाचाराच्या, म्हणजे डीव्हीच्या (डोमेस्टिक व्हायोलन्स) केसेसबद्दल, पण घरात काय होतं त्यावर नाही, ते तुम्हाला माहितीये, कोणाच्या शेजारी, कोणाच्या माहेरी, कोणाच्या स्वतःच्याच घरी झालेलं असतं. मला बोलायचंय ते बाई हिंमत करून कोर्टात पोचते त्यानंतर तिची नोंद कशी होते त्यावर. मी बरीच वर्षं ह्या केसेसची माहिती गोळा करण्याच्या कामात आहे, कोर्टाची वेबसाइट, निकालाच्या कॉप्या, संरक्षण अधिकाऱ्यांच्या (घरगुती हिंसाचार कायद्याखाली बाईला मदत करायला सरकार नेमतं त्यांच्या) फायली, असं सगळं जुळवत बसायचं. काम किचकट आहे पण त्यातून जे दिसतं ते सगळ्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी दोन आकडे सांगते. २०२१ साली सगळ्या देशात घरगुती हिंसाचार कायद्याखाली किती गुन्हे नोंदले गेले? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, त्यांचा आकडा आहे ५०७. हो, पाचशे सात, अख्ख्या भारतात. आता दुसरा आकडा. सुप्रीम कोर्टात ह्याच कायद्याच्या अंमलबजावणीवर केस चालू होती, तिथे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने माहिती दिली की १ जुलै २०२२ ला ह्या कायद्याखालच्या ४ लाख ७१ हजारांवर केसेस पेंडिंग होत्या. पाचशे कुठे आणि पावणेपाच लाख कुठे!

दोन्ही आकडे खरे आहेत बरं का. २००५ चा हा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात बाई मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करते, मला घरात राहू द्या, पोटगी द्या, मुलं माझ्याकडे द्या, मारहाण थांबवा. हा अर्ज म्हणजे गुन्हा नाही, पोलिसात एफआयआर होतोच असं नाही. कोर्टाने दिलेला संरक्षणाचा आदेश नवऱ्याने मोडला की मग कलम ३१ खाली तो गुन्हा होतो. एनसीआरबी मोजतं पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे, म्हणून तिथे पाचशे. त्याच वर्षी ४९८अ खाली, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या कलमाखाली मात्र १ लाख ३६ हजारांवर गुन्हे आहेत (ते कलम आता न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय). तेव्हा कोणी एनसीआरबीचा तक्ता दाखवून म्हणालं की बघा घरगुती हिंसाचाराच्या केसेस किती कमी, तर त्यांना सांगा की तुम्ही चुकीच्या दारात उभे राहून माणसं मोजताय.

आणि कोर्टात येतात त्यासुद्धा थोड्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण ३२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली त्यांच्यातल्या १४ टक्क्यांनीच कुठेतरी मदत मागितली, त्यात आई-भाऊ-मैत्रिणी सगळे आले, कोर्ट तर फार पुढची गोष्ट.

आता कोर्टाच्या वेबसाइटवर काय दिसतं ते सांगते. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो, पुण्याची केस असेल तर सुरुवात एमएचपीयू अशी. तो टाकला की केस कधी दाखल झाली, कुठल्या कोर्टात, पुढची तारीख कधी, कशासाठी, सगळं येतं, रोजनामाही, म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, बघता येतो. ही सोय खरंच मोठी आहे, पूर्वी ह्यासाठी कोर्टात खेटे घालावे लागायचे. पण केस संपली की निकालाच्या रकान्यात काय येतं? ‘अनकंटेस्टेड, डिसमिस्ड इन डिफॉल्ट’. म्हणजे अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज काढून टाकला. बस, संपलं. आता ती का आली नाही? घरी समेट झाला का, की धमकी आली, की मजुरी बुडवून एसटीने तालुक्याला यायला पैसेच नव्हते, की वकिलाने तारीखच कळवली नाही, की ती बाई आता ह्या जगातच नाही? काही कळत नाही. ‘विथड्रॉन’चं तेच, ‘सेटल्ड’चं तेच. काय ठरलं, किती पैसे, राहायला जागा मिळाली का, रकाना गप्प. आणि अशी केस निकालात निघालेल्यांमध्ये मोजली जाते, कोर्टाचं काम पुढे सरकलं असं दिसतं.

हे मला फार खुपतं. कारण काढून टाकलेली केस म्हणजे खोटी केस असं बोलणारे लोक खूप आहेत, टीव्हीवरही आहेत. अहो, गैरहजेरीत निघालेल्या केसमध्ये पुरावा तपासलाच गेलेला नसतो, खरी-खोटीचा प्रश्नच तिथे आलेला नसतो. माहिती नीट गोळा केली तर हे वाद निदान पुराव्यावर होतील, आणि ज्या पुरुषाला कोणी खोटं अडकवलंय त्याच्याही ते कामाचं आहे.

अजून एक भानगड म्हणजे एकाच बाईच्या तीन-चार केसेस असतात. डीव्हीचा अर्ज एका मॅजिस्ट्रेटकडे, पोटगीचा दुसरीकडे, ४९८अ चा खटला वेगळा, नवऱ्याने टाकलेली घटस्फोटाची केस फॅमिली कोर्टात, ती कधीकधी दुसऱ्याच जिल्ह्यात. त्यात कलम २६ प्रमाणे डीव्ही कायद्यातली मागणी फॅमिली कोर्टातही करता येते, मग ती डीव्हीच्या आकड्यात येतच नाही. म्हणून केसेस मोजल्या म्हणजे बायका मोजल्या असं होत नाही. नागपूरहून सुप्रीम कोर्टात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा ह्या केसमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलं गेलं की आधीच्या पोटगीच्या केसेस कोर्टाला सांगायच्या, दोघांनी मालमत्ता आणि उत्पन्नाचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणजे एका बाईच्या ह्या सगळ्या केसेसची जोडणी करायला लागणारी माहिती फायलीत येते, पण ती फायलीतच राहते.

आणि वेळ. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत, नोटीस बजावणी दोन दिवसांत, आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. प्रत्यक्षात नोटीसच बजावून येत नाही, रोजनाम्यात तारखेमागून तारीख ‘नोटीस बजावणीसाठी’. एवढं करून पोटगीचा हुकूम झाला तरी पैसे हातात येतात असं नाही, वसुलीसाठी परत वेगळी दरखास्त टाकायची, तिला नवा नंबर, नव्या तारखा, आणि मूळ केस तर कधीच ‘अर्ज मंजूर’ म्हणून संपलेली! मला विचाराल तर सगळ्यात आधी हेच मोजायला हवं, अर्ज ते अंतरिम हुकूम किती दिवस, आणि हुकूम ते पहिला पैसा हातात किती दिवस. ह्यात कोणाचं नाव-गाव उघडं करायची गरज नाही, आणि ते करूही नये, कलम १६ खाली कोर्ट ह्या केसेस बंद दाराआड चालवू शकतं ते उगाच नाही.

हे होऊ शकतं हे आधी दिसलंय. कायदा आला तेव्हा इंदिरा जयसिंग ह्यांच्या लॉयर्स कलेक्टिव्हने २००७ पासून काही वर्षं देशभरातल्या कोर्टांचे आदेश मिळवून, वाचून अहवाल काढले होते. संरक्षण अधिकारी जो डीआयआर, म्हणजे घरात झालेल्या हिंसेचा अहवाल भरतात त्यात तर शारीरिक, लैंगिक, तोंडी-मानसिक, आर्थिक, सगळ्याचे रकाने आहेत, कधी झालं कुठे झालं तेही. कोर्टाच्या वेबसाइटवर त्यातलं काही दिसत नाही. पण हा डीआयआर भरणार कोण, बऱ्याच ठिकाणी हा चार्ज दुसऱ्याच कामाच्या माणसावर टाकलेला असतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना संरक्षण अधिकारी नेमायला सांगितलंय, ते पूर्ण वेळ असतील आणि त्यांच्या टेबलावर एक कॉम्प्युटर असेल तर निम्मं काम तिथेच होईल.

ऐकणाऱ्या ताईंपैकी कोणाची केस चालू असेल तर सीएनआर नंबर स्वतःकडे लिहून ठेवा, वकिलाच्या डायरीत असून उपयोग नाही, मोबाइलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप आहे त्यात पुढची तारीख स्वतः बघता येते. हुकूम झाला की कॉपी मागून घ्या, कलम २४ प्रमाणे ती फुकट मिळते, पैसे मागितले तर कलम दाखवा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१००, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि घरात आत्ता ह्या क्षणी त्रास चालू असेल तर महिलांची हेल्पलाइन १८१.