आजोबा फोटोत आहेत

नमस्कार मंडळी. मुलांना घराचा पत्ता पाठ हवा, एवढंच सांगायला आज बसलेय. पण आधी किस्सा.

लालबागला आमच्या शेजारच्या आजी भरदुपारी मोरीत घसरून पडल्या. घरात फक्त नातू, तिसरीतला. आईनं शिकवलेलं आठवून पठ्ठ्यानं 108 फिरवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "बाळा, कुठून बोलतोयस?"

"आजीकडून."

"आजी राहते कुठे?"

"लालबागला. गणपतीचा मांडव घालतात ना, तिथे."

आता लालबागमध्ये मांडव कुठे घालत नाहीत, सांगा! आजींचा आवाज फोनपर्यंत पोचेना. बाई मात्र धीराच्या. म्हणाल्या, पत्ता लिहिलेला एखादा कागद बघ बरं. यानं दारामागच्या तारेतलं लाइट बिल ओढलं, बाकीची बिलं जमिनीवर, आणि वरचं नाव वाचलं. नाव आजोबांचं. बाई म्हणाल्या, "मग आजोबांना दे फोन."

हा शांतपणे म्हणतो, "ते फोटोत आहेत."

खुब्याचं हाड मोडलेलं, तरी मोरीत आजींना हसू फुटलं. त्यांनीच मला हे सांगितलं. मग पोरानं अक्षर अक्षर जोडत पत्ता वाचला, खोली नंबरासकट, आणि गाडी आली.

तर पत्ता पाठ. खोली नंबर, मजला, चाळीचं नाव, जवळची खूण. झोपताना पाढ्यांसारखा म्हणून घ्या. टॉवरवाल्यांना दुप्पट मेहनत, कारण बिल्डर अशी नावं ठेवतात की आजीला उच्चारता येत नाहीत आणि टॅक्सीवाल्याला माहीत नसतात. साधं 'गणेश भुवन' काय वाईट होतं? असो.

फोनला लॉक असला तरी 112 लागतो, पडद्यावर इमर्जन्सीचं बटण कुठे आहे ते मुलांना दाखवा. दाखवा फक्त, दाबू देऊ नका. गॅसचा वास आला तर लाइटच्या बटणाला हात लावायचा नाही, थेट बाहेर पडून शेजारी सांगायचं.

आणि पावसाळा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, कितीतरी मुलं रात्रभर शाळेतच होती, आणि मोबाइल लागत नव्हते. म्हणून आताच ठरवा: आई आली नाही तर शाळेतच थांबायचं, पाण्यात उतरायचं नाही. न्यायला कोण येईल, त्या दोघांची नावं मुलाला माहीत हवीत. आईचा नंबर तोंडपाठ, फोनमध्ये नव्हे, तोंडपाठ. आणि पत्ता पाठ, पुन्हा सांगते.

परवा तोच पठ्ठ्या मला विचारतो, "काकू, तुमचं लाइट बिल कुठे लावता?"

म्हटलं, "आमचं मोबाइलवर येतं."

"मग तुमच्याकडे गाडी कशी येणार?"